कुमुदमावशींचं व्हेगास

कुमुदमावशींकडे उतरायचं भाडं एकच होतं. रोज एक म्युझियम बघायचं. त्यात सवलत नाही, गुडघेदुखीची सबब नाही, आणि "मावशी, व्हेगासला म्युझियम बघायला कोण येतं?" असं विचारायची तर सोयच नाही. माझा एक रूममेट हे एकदा बोलून गेला. मावशींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारा दिवसभर समोर येईल ती पाटी वाचत सुटला. पार्किंगमधलीसुद्धा.

मी तेव्हा कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या फ्रीमाँटला होतो. एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं, चौघंही सॉफ्टवेअरमध्ये. लाँग वीकएंड आला की भाड्याची व्हॅन काढून लास व्हेगास गाठायचं हा बे एरियातला कुळाचारच होता. मराठी माणूस परगावी जाताना आधी हॉटेल शोधत नाही, ओळख शोधतो. व्हेगासमधली ती ओळख म्हणजे कुमुदमावशी. त्या नेमक्या कुणाच्या मावशी हे कुणालाच सांगता येत नसे. मला त्यांचा नंबर ज्यानं दिला, त्यालाही तो दुसऱ्यानंच दिला होता.

मावशी मूळच्या साताऱ्याच्या. यजमान इथं इंजिनिअर होते, ते काही वर्षांपूर्वी गेले. मुलगा नचिकेत व्हेगासमध्येच, पण वेगळा राहायचा. "हॉटेलात असतो," एवढंच मावशी सांगत आणि लगेच विचारत, "फ्रीमाँटहून कढीपत्ता आणलास ना?" वाळवंटात कढीपत्त्याचे हाल होते. पाहुणे कढीपत्ता आणत आणि मावशी म्युझियम दाखवत, असा व्यवहार होता.

आता, व्हेगासमध्ये म्युझियम असतात हेच मला ठाऊक नव्हतं. मावशींमुळे कळलं की ती पुष्कळ असतात आणि फार सावकाश बघायची असतात. एक होतं जुन्या निऑन पाट्यांचं. गावातल्या निवृत्त झालेल्या पाट्या एका अंगणात उन्हात उभ्या. एक अणुचाचण्यांचं. एक प्राण्यांचं, तिथं पेंढा भरलेला सिंह आणि त्याच्यामागे डायनासोर. एक रेल्वेचं, तिथं तर मी एकाच इंजिनाला दोनदा भेटलो आहे.

मावशींचा म्युझियमचा पोशाख ठरलेला. साडी, खाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज आणि वर लोकरी स्वेटर. बाहेर ऊन असं, की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही, आणि मावशी स्वेटरची बटणं लावतायत. "आत एसी फार असतो रे," त्या म्हणत. पर्समध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या. त्या आत खायला बंदी, म्हणून भर दुपारी पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून आम्ही पुऱ्या खायचो.

आत शिरलं की मावशींचा एकच प्रश्न सुरू व्हायचा. "पाटी वाचली का?" नुसती वस्तू बघून पुढं सरकलेला माणूस त्यांना पंगतीत मीठ वगळणाऱ्या माणसासारखा वाटायचा. परतताना गाडीत तोंडी परीक्षा. ज्याला उत्तर येत नसे त्याला शिक्षा काहीच नव्हती, पण रात्री आमटी वाढताना मावशींचा हात जरा आखडता व्हायचा, असं आमच्यातल्या दोघांचं मत होतं.

आणि कॅसिनोचं नाव काढलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "कॅसिनो कुठं पळून जातोय? तो रात्रभर उघडा असतो. म्युझियम पाचला बंद होतं." पाचला म्युझियम बंद झालं की घरी. मग चहा. मग पोहे. मग पुन्हा चहा. असे सहा वाजून गेले, की मावशी घड्याळाकडे बघून एकदम मोकळ्या व्हायच्या. "जा आता कुठं जायचं ते. किल्ली कुंडीखाली आहे." पोहे खाऊन सुस्तावलेले आम्ही मग उठायचो.

आमच्यातल्या एका हुशार गड्यानं यातून पळवाट काढली होती. इथल्या एका मोठ्या कॅसिनोत जगप्रसिद्ध चित्रकारांची चित्रं लावली होती. तो म्हणाला, "मावशी, आज पेंटिंग्ज बघू या. म्युझियमचं म्युझियमही होईल." ज्या बाईनं आम्हाला एका म्युझियममध्ये काटेरी तारांचे प्रकारसुद्धा दाखवले होते, ती बाई चित्रं म्हटल्यावर तडक म्हणाली, "नको. तिथली चित्रं बदलत असतात. भरवसा नाही." आणि आम्ही पुन्हा इंजिन बघायला गेलो. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी हसण्यावारी नेलं.

हे सगळं मी तीन मित्रांबरोबर सोसलं, त्यात मजाही होती. खरी पंचाईत झाली ती आई-बाबा आले तेव्हा.

माझे बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले. आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी मन लावून केल्या, एक नोकरी आणि दुसरी पत्ते. मेंढीकोट, रमी, ब्रिज, काहीही. अमेरिकेत त्यांना ना धबधबा बघायचा होता ना पूल. त्यांना एकदा कॅसिनो बघायचा होता. खेळायचं नव्हतं, नुसतं टेबलाशी उभं राहून पत्ते कसे वाटतात ते बघायचं होतं. सांगलीत मित्रांना तसं सांगून आले होते. आणि बाबा रात्री नऊला झोपतात. म्हणजे अगदी नऊला, बोलता बोलता. मावशी मोकळ्या होऊन जेवणं आटपेपर्यंत तेवढेच वाजत, त्यामुळे दिवस मावशींचा आणि रात्र झोपेची, यात बाबांचा कॅसिनो बसेचना. परतीचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. व्हेगासला आम्ही तीन दिवस होतो, त्यातला पहिला अणुचाचण्यांत गेला. तिथं एका अंधाऱ्या खोलीत स्फोटाची फिल्म दाखवतात, बाक हलतो, अंगावर वारा येतो. आईनं रामरक्षा म्हटली. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "मला बॉम्ब दाखवतोस आणि पत्ते दाखवत नाहीस."

दुसऱ्या दिवशी प्राण्यांचं म्युझियम. आई आणि मावशी यांचं आता चांगलंच जमलं होतं. आईनं आत शिरताना दाराशी चपला काढल्या, तेव्हा मावशींना तिच्याबद्दल जो आदर वाटला तो शेवटपर्यंत टिकला. दोघी डायनासोरपाशी पाटी वाचत होत्या आणि पाटी मोठी होती. बाबांनी माझी बाही ओढली. "जवळ एखादा असेल ना रे? पटकन जाऊन येऊ."

होता. गावाच्या जुन्या भागात कॅसिनो कोपऱ्याकोपऱ्यावर असतात. मी आईला "बाबांना जरा हवेवर नेतो" असं सांगून बाबांना तिथल्या एका थंडगार, धुरकट अंधारात नेलं. बटणं दाबायच्या मशिनींकडे बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "ही काय लिफ्ट आहे?" म्हणाले. ते थेट पत्त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे.

डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, तिशीच्या आतला एक सावळा मुलगा होता. तो पत्ते पिसायला लागला. पत्ते त्याच्या हातातून पाण्यासारखे जात होते. आवाज नाही, घाई नाही. बाबा मराठीत पुटपुटले, "हात बघ रे त्याचा. लोणी आहे लोणी." आणि पुढं वाकून त्यांनी हिरव्या कापडावर हात ठेवला.

डीलरनं मान वर न करता, पत्ते वाटता वाटता, अगदी हळू म्हटलं, "काका, टेबलाला हात नका लावू. वरून कॅमेरा बघतो."

मी त्याच्या छातीवरचा बिल्ला पाहिला. इथं बिल्ल्यावर नावाबरोबर गावही लिहितात. नचिकेत, सातारा, इंडिया. मग त्याचं नाक पाहिलं. ते नाक मी जरा वेळापूर्वी डायनासोरपाशी सोडून आलो होतो.

थोड्या वेळानं त्याची मधली सुट्टी झाली, तेव्हा तो आम्हाला बाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन भेटला. "आईकडे उतरलाय ना?" त्यानं विचारलं. "प्लीज, मला पाहिलं म्हणून सांगू नका तिला." मग त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. वडील गेल्यावर त्यानं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि हे काम शिकला. काम त्याला आवडतं. पण आईकडे उतरलेल्या काही मंडळींनी मागे त्याला टेबलावर पाहिलं, आणि बे एरियाच्या गणपतीत ती बातमी आरतीच्या आधी फिरली. अरेरे, इतक्या चांगल्या घरातला मुलगा. त्यानंतर जो येई तो मावशींचं सांत्वन करी आणि नचिकेतला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चिकटवायचं आश्वासन देई. एकानं तर फराळाबरोबर टेस्टिंगच्या कोर्सची माहिती पाठवली होती.

"म्हणून ती माझी डे शिफ्ट संपेपर्यंत लोकांना म्युझियममध्ये फिरवते," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण मला हसू आलं नाही. त्या पुऱ्या, ते पोहे, तो दुसरा चहा, सगळं एकदम उलगडलं. मी विचारलं, मावशी कधी आल्यात का बघायला? "नाही," तो म्हणाला. "तिला नाही बघवणार यार. मी बोलावत पण नाही."

परत येताना मी बाबांना दोन-दोनदा बजावलं. एक शब्दही काढायचा नाही. आणखी एक अरेरे त्या बाईला ऐकायला लागता कामा नये. बाबांनी मान हलवली. पण बाबांच्या पोटात काही राहत नाही. मावशींच्या घरी गेल्यावर आम्ही चहाला बसलो. बाबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कुमुदताई, तुमचा मुलगा पत्ते काय पिसतो हो!"

आई पोहे वाढता वाढता थांबली. मी जमिनीकडे बघत होतो. मावशींचा चेहरा असा झाला, जणू आता समोरून काय येणार ते पाठ आहे आणि ते ऐकून घ्यायची तयारीही आहे. पण बाबांचं आपलं चालूच. "चाळीस वर्षं पत्ते खेळतोय मी. असा हात नाही पाहिला. आमच्या क्लबात ब्रिजचे चॅम्पियन आहेत, त्यांनी याच्या समोर पत्ते खाली ठेवावेत. एक पत्ता वाकडा पडत नाही. कुठं शिकला?"

अरेरे यायचं राहूनच गेलं होतं आणि मावशींना पुढं काय करायचं ते कळेना. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे कसे पिसतो?"

घरात पत्त्यांचा एक जुना जोड होता. बाबांनी करून दाखवायचा प्रयत्न केला. पहिल्याच झटक्याला निम्मे पत्ते फराळाच्या ताटलीत आणि राजा पोह्यात. "असं नाही, त्याचं फार छान होतं," म्हणत ते पुन्हा पुन्हा करत राहिले, आणि मावशी गुडघ्यावर हात ठेवून एकटक त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या. सहा कधी वाजून गेले ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मला वाटायचं, मी गेले तर त्याला अवघडल्यासारखं होईल," त्या मध्येच म्हणाल्या. "तो कधी ये म्हणाला नाही. मी कधी येऊ का म्हटलं नाही." मग उठल्या आणि पोह्यांतला राजा पुसून ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी नारायणपेठी नेसून तयार होत्या. स्वेटर होताच. कुठं जायचं हे कुणी विचारलं नाही.

नचिकेतला काही सांगितलेलं नव्हतं. मावशी आधी खांबाआड उभ्या राहिल्या, मग आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला तशा दोन पावलं पुढं आल्या. तो पत्ते पिसत होता. खेळणारी माणसं त्याच्याशी हसून बोलत होती, एक म्हातारी त्याला 'हनी' म्हणत होती. मावशींनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसत्या बघत होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत होत्या, ते एसीमुळे आलं आहे असंही म्हणाल्या नाहीत.

मग त्याला सोडवायला दुसरी डीलर आली. नचिकेतनं पत्ते खाली ठेवले, एकदा टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे पसरून आधी वरची बाजू दाखवली, मग खालची. हा नियम आहे. हातात काही लपवलेलं नाही, हे टेबल सोडताना छतातल्या कॅमेऱ्याला दाखवावं लागतं. त्यानं अजून आमच्याकडे पाहिलंही नव्हतं.

मावशींनी माझा दंड घट्ट धरला. "बघितलंस?" त्या म्हणाल्या. "लहानपणी जेवायला बसताना मी विचारायचे, हात धुतलेस का रे? तेव्हा अस्साच दाखवायचा. पुढून, मागून. अजून दाखवतो बघ मला."

"हो मावशी," मी म्हटलं. "तुम्हालाच दाखवतोय."