अकरा विजारी, एक कंबर

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही पुढे सरका. गोष्ट इस्त्रीची आहे, तिची ऊब लांबून लागायची नाही.

एक होता इस्त्रीवाला. हात देवाने दिलेला. त्याने पाडलेली विजारीची धार दोन धुण्यांत हलायची नाही. जुनी जागा सुटली म्हणून त्याने सासऱ्यांच्या घरी, पुढच्या खोलीत दुकान मांडलं. तिथे प्लग नव्हता. तो होता भिंतीपलीकडे, सासऱ्यांच्या खोलीत.

"मामा, भिंतीला बोटभर भोक पाडू का?"

"माझ्या हयातीत नाही," सासरे म्हणाले. आठ वर्षं त्यांची कंबर दुखत होती आणि त्या दुखण्याचा वाटा ते घरातल्या सर्वांना नेमाने देत.

मग जावयाने चाळीस मीटरची बारीक वायर आणून दारातून फिरवून घेतली. लागली दहा मीटर. उरलेली कापायला जीव होईना. तिचं वेटोळं करून कोणाच्या पायात येणार नाही अशा जागी ठेवलं. म्हणजे सासऱ्यांच्या खुर्चीवरच्या गादीखाली.

तिसऱ्याच दिवशी बँडमास्तर आले. अकरा जाड लोकरी विजारी टेबलावर टाकून म्हणाले, "उद्या पाचला हव्यात. धार अशी हवी की बोट कापलं पाहिजे. जमलं तर वर्षभर सगळ्या बँडचे कपडे तुमच्याकडे. नाहीतर पलीकडचा बसलाच आहे."

इस्त्री मात्र कोमट. विजारीवरून फिरवली की नुसती कुरवाळल्यासारखी वाटायची. दुरुस्तीवाल्याने तपासून सांगितलं, "इस्त्री ठणठणीत आहे. तुमचंच काहीतरी बिनसलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "अहो, एकीने होत नाही तर दोन लावू." तिने शेजारणीची इस्त्री आणून त्याच वायरला जोडली. आता दोन्ही आणखी गार.

तेवढ्यात आतून हाक आली. "जावईबापू! तुमचा पाय घराला लागला आणि कंबर मोकळी झाली हो. आज तर गुडघाही हलका वाटतोय. देवमाणूस तुम्ही!"

लग्नानंतरच्या बारा वर्षांत सासऱ्यांकडून पहिल्यांदा कौतुक झालं होतं. इस्त्रीवाल्याला भरून आलं. विजारी तशाच राहिल्या.

दुपारी बायकोने बोलावलेल्या वायरमनबाई आल्या. दोन्हीकडे मीटर लावून म्हणाल्या, "प्लगमध्ये दोनशे तीस व्होल्ट. इस्त्रीपाशी एकशे सत्तर. मधले साठ कुठे गेले?"

"मी नाही घेतले," इस्त्रीवाला घाईने म्हणाला.

"अहो, व्होल्टेज म्हणजे मागून रेटणारा जोर. करंट म्हणजे पुढे सरकणारी गर्दी. रेझिस्टन्स म्हणजे अरुंद बोळ. बोळ जेवढा लांब आणि चिंचोळा, तेवढा जोर वाटेतच संपतो. तुमची वायर दहा ओहमची. दुसरी इस्त्री लावून गर्दी वाढवलीत, सहा अँपिअर झाली. सहा दाहे साठ. तो जोर वाटेत उष्णता होऊन बसलाय."

"बसलाय कुठे?"

बाई वायर धरून चालत गेल्या आणि खुर्चीपाशी थांबल्या. "आजोबा, उठा."

"का? आत्ता कुठे बरं वाटतंय."

गादी उचलली. वेटोळ्याचं प्लॅस्टिक मऊ पडून वेढे एकमेकांना चिकटले होते.

"तासाभरात पेटलं असतं. भिंतीतून जाड वायर आखूड वाटेने न्यावी लागेल."

"माझ्या हयातीत..."

"हयात लांबवायची तर आत्ताच भोक पाडते."

भोक पडलं. जाड वायरीवर इस्त्री अशी तापली की पाण्याचा थेंब चर्र करून उडाला. साडेचारपर्यंत दहा विजारी घडी होऊन बाकावर चढल्या. आत सासऱ्यांची कंबर पुन्हा धरली होती. कण्हणं गल्लीपर्यंत जात होतं. अकरावी टेबलावर आली आणि कण्हणं थांबलं.

इस्त्रीवाल्याने दचकून मागे पाहिलं. दहा गरम विजारींच्या थप्पीवर सासरे डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर भजनात रंगल्यासारखी शांती. आणि दारात बँडमास्तर.

"बाबा, उठा ना!" लेक ओरडली.

"आत्ताच तर बसलोय."

बँडमास्तरांनी त्यांना हाताला धरून उठवलं, वरची विजार उलगडली आणि धारेवरून बोट फिरवलं. मग कापल्यासारखं झटकन मागे घेतलं.

"ही धार कुठल्या यंत्रावर काढलीत?"

इस्त्रीवाल्याने सासऱ्यांकडे पाहिलं. "घरचंच आहे," तो म्हणाला.

वर्षभराचं काम मिळालं. सासरे आता दहा ते पाच थप्पीवर असतात आणि कंबर फक्त सुट्टीच्या दिवशी दुखते. तेव्हा मंडळी, उद्या धारेची विजार चढवाल, तेव्हा क्षणभर त्या म्हाताऱ्याची आठवण काढा. नुसतं बसून दुसऱ्याच्या उपयोगी पडलेला माणूस देवाने फार थोडा घडवलाय.