तांबोळीकाकांचा आतला कॉम्प्युटर

गिऱ्हाइकाने पेन ड्राइव्ह पुढे केला की तांबोळीकाका आधी विचारतात, "हा कुठे कुठे जाऊन आलाय?" गिऱ्हाईक गोंधळतं. काका शांतपणे म्हणतात, "अहो, पोरीला स्थळ बघताना चौकशी करता ना? हा तर थेट घरात शिरणार."

नारायण पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रफीक तांबोळींचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दुकानात दोन कॉम्प्युटर. बाहेरच्या टेबलावरचा नवा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे विंडोजचे व्हायरस त्याला बाधत नाहीत. आतल्या खोलीतला इतका जुना, की त्यातली विंडोज बनवणाऱ्या कंपनीनेही तिचं नाव टाकलंय.

मी हिंजवडीत कॉम्प्युटर सुरक्षेचंच काम करते. वर राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सुनावलं, "काका, याला आता अपडेट मिळत नाहीत. म्हणजे ठिकठिकाणी भोकं. कुणीही आत येईल."

"कुठून येईल?"

मी वाकून मागे पाहिलं. इंटरनेटची वायर नव्हती. वायफाय नव्हतं. पेन ड्राइव्हच्या खाचांवर पत्र्याची पट्टी स्क्रूने पिळून बसवलेली. विजेची सोडली तर बाहेर जाणारी एकच वायर, प्रिंटरची.

"भोक पडलेली बादली मी विहिरीत सोडतच नाही," काका म्हणाले. "कोपऱ्यात ठेवलीय. आपल्या हिंजवडीत काय करतात?"

हिंजवडीत यावर मीटिंगा होतात. ते मी सांगितलं नाही.

पत्रिकेची सुबक अक्षरं ज्या सॉफ्टवेअरमधून निघतात, ते फक्त या जुन्यावर चालतं. म्हणून गिऱ्हाइकाचा मजकूर बाहेरच्या कॉम्प्युटरवर उघडायचा आणि आतल्यावर हाताने पुन्हा टाइप करायचा. "आतला सोवळ्यात आहे," काका म्हणतात. "त्याला फक्त माझी बोटं चालतात."

गेल्या लग्नसराईत वाघोलीचे एक पाटील आले. "काका, सगळा मजकूर यात हाय. कॉपी मारा आन् द्या छापून, घाई हाय."

काकांनी बाहेरच्या कॉम्प्युटरवर तपासून पेन ड्राइव्ह परत दिला. "याला व्हायरस आहे. मजकूर कागदावर लिहून द्या."

"दुकान चालवताय का दवाखाना?" म्हणत पाटील रस्ता ओलांडून समोरच्या जोगळेकरांच्या पत्रिकांच्या दुकानात गेले. जोगळेकर म्हणजे काकांच्या दुकानाला इतकी वर्षं 'म्युझियम' म्हणणारे.

दुसऱ्या दिवशी जोगळेकरांचे तिन्ही कॉम्प्युटर बसले. प्रत्येक फाइलला कुलूप आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची डिस्कही त्यांनाच जोडलेली, तीही गेली. दुपारी जोगळेकर काकांच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

आता खास पुणेरी काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मी कान टवकारले.

"चूक माझी," काका म्हणाले. "काल मी रस्ता ओलांडून सांगायला हवं होतं. अभिमान नडला. किती पत्रिका अडल्यात?"

"एकोणीस घरांच्या."

"सगळ्यांना मजकूर पुन्हा पाठवायला सांगा. माझ्या बाहेरच्यावर."

मी रजा टाकली. चार दिवस मी बाहेरच्या पडद्यावरून मोठ्याने वाचत होते आणि काका आत टाइप करत होते.

"सुनीता," मी म्हणायचे.

"नी दीर्घ?"

"दीर्घ."

एकोणीसही घरांच्या पत्रिका वेळेवर गेल्या. पाटलांचीसुद्धा.

शेवटच्या संध्याकाळी मी विचारलं, "काका, एरवी एकट्याने कसं जमवता? दर ओळीला उठून बाहेर बघायला यावं लागत असेल."

"आधी आपा वाचायची. माझी मोठी बहीण. तीस वर्षं वाचलं तिने," काका म्हणाले. "आपण राहायला येण्याआधीच गेली." मग बराच वेळ ते प्रिंटरमधले कागद सरळ करत राहिले. ते आधीच सरळ होते.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला. "अहो, मोकळ्या आहात का? थोडं वाचायचं होतं."

मी खाली गेले. बाहेरच्या पडद्यावर एक छोटंसं कार्ड होतं. मी वाचलं, "सुशीला शिवणवर्ग. वेळ दुपारी तीन ते पाच."

आत टकटक झाली आणि थांबली.

"पुढे?"

"पुढे काही नाही, काका. एवढंच आहे."

आतून कागद सरळ केल्याची सळसळ ऐकू आली.

"मग तेच परत वाचा," काका म्हणाले. "सावकाश वाचा. घाई नाही."

मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून वाचायला लागले.