पार्किंगमधलं बोटीचं इंजिन

आमच्या बरकतपुऱ्यातल्या बिल्डिंगमध्ये पार्किंगच्या नऊ जागा आहेत. आठांमध्ये गाड्या आणि नवव्या जागेत पाण्याने भरलेला निळा ड्रम. ड्रमला लाकडी चौकट, चौकटीला बोटीचं इंजिन अडकवलेलं, पंखा पाण्यात. बोट नाही. हैदराबादहून सगळ्यात जवळचा समुद्रही सहा-सात तासांवर. तरी दर रविवारी सकाळी नऊला तळमजल्यावरचे बिलोलीकर काका बनियनवर येतात, इंजिनाची दोरी ओढतात आणि अख्खी बिल्डिंग हादरते.

मी सोसायटीची सेक्रेटरी. लग्न होऊन पुण्याहून आले, येताना लेखी तक्रारीची सवय घेऊन आले. सेक्रेटरी झाल्यावर पहिल्याच महिन्यात नोटिस घेऊन खाली गेले आणि विचारलं, "काका, पण बोट कुठे आहे?"

"बोटीचं काय घेऊन बसलात सेक्रेटरीबाई? इंजिन चालू राहायला पाहिजे. हल्लू हल्लू बोट पण येईल."

हे 'हल्लू हल्लू' त्यांच्या प्रत्येक वाक्यात असतं. घराणं नांदेडकडचं, पण तीन पिढ्या इथेच, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' सुखाने नांदतात. नोकरीत असताना धरणांवर पाहणीची बोट त्यांच्याकडे असायची. निवृत्तीनंतर मलकपेठच्या एका भंगारवाल्याकडे हे इंजिन दिसलं. पिस्टन जाम, कार्ब्युरेटरमध्ये गांधीलमाशीचं घर. काकांनी ते रिक्षात घालून आणलं. पिस्टन सुटावा म्हणून पंधरा दिवस रोज चमचाभर तेल पाजलं. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा आतला छोटा रबरी पंखा झिजलेला होता, तो मिळवायला दोन वर्षं गेली. आता आठवड्यातून एकदा चालवलं नाही तर पुन्हा आखडेल म्हणतात.

असेलही. पण तो आवाज! तिसऱ्या मजल्यावरचे रेड्डी गारू, म्हणजे आपल्याकडचे रेड्डीसाहेब, दर रविवारी तणतणत उतरायचे. "क्या अंकल, संडे को भी?" काका शांतपणे म्हणायचे, "हौ, आप का बरोबर है. जरा ये पकडो." आणि त्यांच्या हातात पाना द्यायचे. हातात पाना धरून माणसाला भांडता येत नाही. मग चहा, उस्मानिया बिस्किटं, स्पार्क प्लग कसा साफ करायचा याची शिकवणी. अकराला रेड्डी गारू हात पुसत वर जायचे. इतरांचं तेच. मी स्वतः पाच नोटिसा घेऊन गेले आणि पाचही वेळा बिस्किटं खाऊन परत आले.

शेवटी मी शक्कल लढवली. इंजिनावर झाकणच नव्हतं, सगळा आवाज उघड्यावर. मी माप घेतलं, फायबरचं झाकण करून आणलं, आतून फोम लावला आणि स्वतः बसवलं. रविवारी नुसती घरघर. वरच्या मजल्यांवर तेवढीही नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते मिटक्या मारत घेतलं. काका फक्त म्हणाले, "चांगलं केलंत."

चौथ्या रविवारी मीटिंगचं पत्र द्यायला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. ओट्यावर सहा कप मांडलेले, पातेल्यातल्या चहावर साय धरलेली. आणि कपाटावर इंजिनाचं मूळ झाकण. पांढरंशुभ्र, मेण लावून चकचकीत केलेलं.

"काका, हे तुमच्याकडेच होतं?"

"हौ. इंजिनासोबतच आलं."

"मग लावलं का नाही?"

त्यांनी पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं. "लावलं तर वर ऐकू जात नाही न. मग कोण कशाला खाली येईल? ही होती तेव्हा लोक असेच यायचे, बसायचे. ती गेल्यापासून कोणी येत नाही, काही कारण असल्याशिवाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार रविवार हा माणूस कप मांडून बसला होता आणि मी वर शाबासक्या घेत होते. दिलेला चहा प्याले.

पुढच्या रविवारी काका यायच्या आत मी खाली जाऊन झाकण काढलं आणि माझ्या गाडीच्या डिकीत टाकलं.

"नक्को सेक्रेटरीबाई," काका म्हणाले, "लोक ओरडतील."

"ओरडू देत. ओढा दोरी."

बिल्डिंग हादरली. आम्ही दोघंही वर बघत उभे राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली, रेड्डी गारूंनी खाली पाहिलं, आणि खिडकी धाडकन बंद झाली. काकांचा चेहरा पडला. त्यांनी इंजिन बंद केलं.

जिन्यात चपला वाजत होत्या. एक जोड, मग त्यामागे आणखी एक.

"येताहेत," काका हळूच म्हणाले, आणि चहा टाकायला घाईघाईने आत गेले.