शेवटचा एक किलोवॅट

ऊब मोजल्याशिवाय लागत नाही. विस्तवाशी बसून तळहात शेकणाऱ्याला हे कळत नाही, कारण तो शेकण्यात गुंतलेला असतो.

नळांवाटे घरोघर ऊब पोचवणाऱ्या मंडळाला मात्र हे पक्कं ठाऊक होतं. वस्तीबाहेर मंडळाचं बॉयलरघर. तिथून गरम पाण्याचे नळ निघत आणि प्रत्येक खोलीतल्या लोखंडी जाळीत वळसा घालून परत येत. बॉयलरची तबकडी जुनी, ऊब ताशी बीटीयूत दाखवणारी. कार्यालय नवं, किलोवॅटशिवाय दुसरं काही न वाचणारं. दोघांत अबोला नको म्हणून मधे एक रूपांतर अधिकारी नेमला होता. (तबकडीच नवी बसवावी, अशीही एक सूचना आली होती. सूचना करणाऱ्याची बदली झाली. तबकडी आहे तिथंच आहे.)

काम चोख होतं. दर पाळीला बॉयलरवाला फोनवरून बीटीयूचा आकडा सांगे. एका किलोवॅटचे बीटीयू होतात चौतीसशे बारा, म्हणून अधिकारी त्याला चौतीसशे बारानं भागून किलोवॅट काढी आणि अपूर्णांक टाकून देई, कारण दशांशचिन्ह दिसलं की मोठ्या साहेबांच्या घशात घास अडके. साहेब सही करत : पुढच्या पाळीला एवढीच ऊब द्यावी. मग तोच आकडा बॉयलरवाल्यासाठी पुन्हा बीटीयूत न्यायचा. या परतीच्या वाटेवर गुणायचं ते नुसत्या चौतीसशेनं. वरचे बारा परिपत्रकानंच माफ केले होते. तबकडीवर बाराची खूण नव्हती. आणि बारा बीटीयू म्हणजे तरी किती? काडेपेटीतल्या बारा काड्या.

कुणी चोरलं नाही, कुणी सांडलं नाही. ऊब आपली सासर-माहेर करणाऱ्या लेकीसारखी दर खेपेला थोडी वाळून येई, आणि विचारलं तर दोन्हीकडचे म्हणत, आमच्याकडे तर नीट होती.

अधिकाऱ्याचं घर नळाच्या अगदी शेवटाला. घरात तो आणि त्याची आई.

"अरे, जाळी गार पडलीय," आई म्हणाली.

"गार कशी असेल? वस्तीला दोनशे एकेचाळीस किलोवॅट चालू आहेत. मी स्वतः काढलाय आकडा."

"मग तोच आणून ठेव माझ्या पायाशी."

आईला गुणगुणायची सवय. जुन्या चालीवर ती नवं रचू लागली :

मोज्यावर मोजा घाली, शालीवर शाल
लेक माझा मोजी ऊब, मीच ग बेहाल.

(या तक्रारीत एकक नसल्यामुळे ती नोंदवता आली नाही.)

मंडळानं रीतसर पाहणी केली. शंभरातल्या एकोणनव्वद जणांना थंडी वाजत होती. उरलेले मंडळाचे नोकर होते.

अधिकारी स्वतः बॉयलरघरात गेला. "जरा चढवा की."

"किती?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती बीटीयू, साहेब? मागं मी मनानं चार फावडी कोळसा टाकला, तर तुम्हीच मला मेमो दिलात."

दिला होता खरा. आकडा जुळला नव्हता.

त्या पाळीला तो पेन उघडून बराच वेळ बसला. आईचे पाय डोळ्यांपुढून हलेनात. निळसर, सुरकुतलेले; लहानपणी तापात त्याला याच पायांवर झोपवलं होतं. दहा किलोवॅट वाढवून लिहिले तर कोण विचारणार होतं? पण मग भागाकार आणि गुणाकार यांचं तोंड कुठं मिळणार? त्यानं खरा आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि हात काखेत घातले.

सकाळी आईनं पिशवी भरली. "तुझ्या ताईकडे जाते रे. तिच्याकडे आकडा नाही, शेगडी आहे."

पुढच्या पाहणीत थंडी वाजणारं एक माणूस कमी भरलं. मंडळानं समाधान व्यक्त केलं.

ऐन थंडीत शेवटचा एक किलोवॅट उरला. एकाचे झाले चौतीसशे. चौतीसशेला चौतीसशे बारानं भागलं. उत्तर एकाहून केसभर कमी आलं. अपूर्णांक टाकला.

शून्य. बीटीयूतही शून्य, किलोवॅटमध्येही शून्य. मंडळाच्या इतिहासात दोन्ही मापं पहिल्यांदाच तंतोतंत जुळली. मोठ्या साहेबांनी हातमोजा न काढता अधिकाऱ्याशी हात मिळवला आणि त्याला प्रशस्तिपत्रक दिलं.

त्यानं घरी येऊन ओव्हरकोटातच आईला फोन लावला. "आई, जुळलं!"

"काय रे?"

"आकडे."

"बरं झालं बाई. जेवलास का? पाय गार नाहीत ना पडले?"

त्यानं पायांकडे पाहिलं. किती गार, ते त्याला सांगता येईना. तापमान दुसऱ्या विभागाकडे होतं.

कामाचा व्याप वाढल्यामुळे मंडळाला आता एक साहाय्यक हवा आहे. म्हातारीच्या पायांचं वाचून ज्यांना मधेच उठून आपल्या घरातल्या कुणाचे पाय चाचपावेसे वाटले, त्यांनी अर्ज करू नये. ज्याअर्थी तुम्ही न उठता इथवर वाचत आलात, त्याअर्थी मुलाखतीची गरज नाही. कधी रुजू होताय?