उल्व्हरबीचे मूळ पुरुष

अख्ख्या लिंकनशायरात ज्याचं आडनाव आणि गाव एकच, असा माणूस दुसरा दाखवा! मी ट्रेव्हर उल्व्हरबी, राहणार उल्व्हरबी!

पण गावाला त्याची कदर असेल तर शपथ! लेस्टरहून येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली, तरी चर्चपासून पबपर्यंत सगळे आम्हाला 'ते नवीन आलेले' म्हणतात. उन्हाळी जत्रेची फीत कापायची गावच्याच माणसाने, एवढंच काय, ओढ्यातला गाळ उपसायचा तोही गावच्याच माणसाने! यंदा फीत मीच कापणार, असं मी ठरवलं.

जत्रा समितीच्या बैठकीत मी उभाच राहिलो. "'बी' म्हणजे जुन्या डेनिश लोकांच्या बोलीत गाव! उल्व्हरबी म्हणजे उल्फचं गाव! आणि त्या उल्फचा वंशज तुमच्यासमोर उभा आहे!"

"ट्रेव्हर, बस ना खाली," बायको, मॉरीन, कुजबुजली. "केक संपतोय."

मी कसला बसतोय! "सांगा, माझ्याइतकं जुनं इथं कोण आहे?"

समितीच्या अध्यक्षा एनिड बेक यांनी चहाचा कप खाली ठेवला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज फौजदाराचा.

"हे बघ, आम्ही पूर्वीपासून ओढ्याकाठचे, म्हणून बेक. बेक म्हणजे ओढा. गिरणीवाले ते मिलर. इथं सगळेच उल्व्हरबीचे, मग एकट्यालाच उल्व्हरबी कोण कशाला म्हणेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा पूर्वज गाव सोडून गेला! परगावी लोकांनी विचारलं, कुठला रे तू? हा म्हणाला, उल्व्हरबीचा. तेच चिकटलं!"

असा हशा पिकला की मिलरांचा कुत्राही भुंकायला लागला.

"डुक्कर चोरून पळाला असेल!"

"बायकोच्या भीतीने गेला असेल!" हे मॉरीन म्हणाली.

मी मटकन बसलो. फीत गेली, अब्रू गेली, केकही संपला होता.

"पुरे आता," एनिडबाई गरजल्या. "माणूस आपल्याच गावचा आहे. गेला होता, परत आला."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी गावचा म्हणालं! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी हळूच टेबलावर ठेवलेल्या, फीत कापायच्या कात्रीकडे हात नेला.

"कात्री राहू दे. शनिवारी फावडं घेऊन ओढ्यावर ये. तुमच्या घराण्याची पाळी आठशे वर्षं चुकलीय!"

तेव्हापासून दर शनिवारी मी गुडघाभर चिखलात असतो. मॉरीन काठावर खुर्ची टाकून केक खाते. 'जरा हात लाव' म्हटलं, तर म्हणते, "मी बाई नवीन आलेली!"