चाळीस सेकंदांचं कुलूप

नाताळच्या दिवशी सकाळी अकरा वाजता कुलूपवाला आणि त्याची बायको आपल्याच घराबाहेर उभे राहून आपल्याच बंद दाराकडे बघत होते. लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. दोघांचेही आईवडील दोन दिवसांच्या प्रवासाइतके लांब राहायचे आणि रजा मिळाली होती एकच दिवसाची. तेव्हा यंदा कुठे जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, फक्त आपण दोघं आणि ओव्हनमधली कोंबडी, असा बेत ठरला होता.

झालं होतं इतकंच, की ती दारावर कागदी चांदणी लावत होती. "बघ रे, सरळ आहे का?" म्हणून तिने हाक मारली. तो मोज्यांवरच बाहेर आला, चार पावलं मागे गेला आणि एक डोळा मिटून म्हणाला, "जरा डावीकडे." तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून वारा आला आणि दार धाडकन लागलं. ते कुलूप दार लागलं की आपोआप बसतं. दोन्ही किल्ल्या आत राहिल्या. कोंबडीही.

"काही हरकत नाही," ती हसून म्हणाली. "चाळीस सेकंदांचं तर काम."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. लग्न ठरताना कुलूपवाल्याने तिला सांगितलं होतं, "जगातलं कुठलंही कुलूप आणून दे, किल्लीशिवाय चाळीस सेकंदांत उघडतो." ती भाळली ती त्या चाळीस सेकंदांवर. पुढे या इमारतीत राहायला आल्यावर त्याने बाराच्या बारा दारांना हे नवं कुलूप बसवलं आणि प्रत्येक घरी छातीठोकपणे सांगितलं, "किल्लीशिवाय हे कुणाच्या बापाला उघडता यायचं नाही. मलासुद्धा नाही." दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं शक्य नव्हतं. पण एक गोष्ट बायकोला सांगितलेली आणि दुसरी गिऱ्हाइकाला, त्यामुळे आजवर काही अडलं नव्हतं.

इतर माणसं खिशात कंगवा ठेवतात तशा तो दोन बारीक तारा ठेवायचा. त्या काढून तो दारापुढे गुडघ्यावर बसला, आणि समोरच्या घरातून गणिताचे निवृत्त मास्तर बाहेर आले.

"काय हो, स्वतःच्याच घरात चोरी?"

कुलूपवाल्याने तारा मोज्यात सरकवल्या. "छे छे. किल्ली आत राहिली."

"मग उघडा की. तुमचा तर धंदाच आहे."

"हे उघडत नाही ना, मास्तर. हे तुमच्या दारालाही आहे तेच."

"म्हणून तर बघतोय," मास्तर भिंतीला टेकून आरामात उभे राहिले. "हे तारेनं उघडत असेल तर माझं मी आजच काढून टाकतो. आणि बाकीच्या दहा घरांनाही सांगतो."

पाठोपाठ वरच्या काकू खाली आल्या. "वास काय सुरेख येतोय गं," असं म्हणून त्या पायरीवरच बसल्या. मग दारं ओढून घेत बाकीच्या नऊही घरांतली माणसं एकेक करत जमली. फुकटचा तमाशा कोण सोडतो? कुलूपवाल्याने दारावर टिचक्या मारल्या, डॉक्टरासारखा कान लावला, गंभीर चेहऱ्याने मान हलवली. अर्धा तास त्याने काहीही न करण्यासाठी जिवापाड मेहनत केली.

बायकोने त्याला जिन्याच्या कोपऱ्यात ओढलं. "काय चाललंय तुझं? चाळीस सेकंद म्हणाला होतास ना?"

"हळू बोल गं. आत्ता उघडलं तर दुकान बसेल आपलं."

"म्हणजे उघडता येतं?"

"येतं म्हणजे काय! पण यांच्यादेखत कसं उघडू?"

ती म्हणाली, "आईला तीनदा फोन करून विचारलं होतं रे मी, कशी करायची ते. पहिल्यांदाच आईशिवाय नाताळ. निदान वास तरी घरच्यासारखा यावा, एवढंच वाटत होतं." तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आता मात्र करपतंय हं काहीतरी."

कुलूपवाल्याने एकदा बायकोकडे पाहिलं आणि एकदा त्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे. गेलं दुकान खड्ड्यात, असं त्याने मनाशी ठरवलं. तिच्यावर त्याचा फार जीव होता. मोज्यातून तारा काढून तो सरळ दारापुढे बसला.

"मास्तर, घड्याळ लावा."

चाळीस सेकंद झाले. ऐंशी झाले. चौथ्या मिनिटाला त्याच्या नाकावरून घाम ठिबकायला लागला. सातव्या मिनिटाला एक तार मोडली. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"नाही उघडत," तो म्हणाला. "खरंच नाही उघडत."

मास्तरांनी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. "शब्दाला जागलात. असा दुकानदार मिळत नाही हो हल्ली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला उभ्या जन्मात आलं नव्हतं, आणि इतकी लाजही वाटली नव्हती.

दाराखालून धूर यायला लागला. आता बायकोवर वेळ आली. ती अग्निशमन दलाच्या कार्यालयात फोन घ्यायचं काम करायची, आणि कालच सगळ्यांना बजावून आली होती की उद्या मला कुणी त्रास देऊ नका. तिने एप्रनच्या खिशातून मोबाइल काढला.

"हॅलो. तिसरा मजला, स्वयंपाकघरात धूर आहे, दार बंद."

"पत्ता सांगा, बाई."

तिने पत्ता सांगितला. "अगं, हा तर तुझाच पत्ता आहे."

"माहीत आहे. गाडी पाठव."

"पण तुझा नवरा कुलूपवाला ना?"

"गाडी पाठव म्हटलं ना."

घंटा वाजवत गाडी आली. शिडी लावून एक जवान खिडकीतून आत शिरला, त्याने ओव्हन बंद केला आणि आतून कडी फिरवून दार उघडलं. त्याच्या हातातल्या ट्रेमध्ये कोळसा होता. तो कोंबडीच्या आकाराचा होता, इतकंच.

"खोटं बोललो मी तुझ्याशी," कुलूपवाला हळूच म्हणाला. "पण देवाशपथ, मला खरं वाटत होतं ते."

"दुकान बुडवायला निघाला होतास ना माझ्यापायी?"

"हो."

"मग झालं तर," ती म्हणाली. एवढ्या लोकांसमोर तिने त्याच्या नाकावरचा घाम पदराने पुसावा तसा एप्रनने पुसला आणि ती हसत सुटली. काकूंनी वरून भात आणते म्हटलं, कुणी केक आणते म्हणालं. तिने गर्दीवर एकदा नजर फिरवली. नाताळला आईकडेही अशीच एवढी माणसं असायची. "सगळे आत या," ती म्हणाली. "फक्त आमच्याकडे ताटल्या चारच आहेत. मास्तर, तुमच्याकडच्या आणता का?"

"आत्ता आणतो," म्हणून मास्तर आनंदाने वळले आणि आपल्या दारापाशी जाऊन उभेच राहिले. त्यांनी खिसा चाचपला. दुसरा खिसा चाचपला. सदऱ्याला तिसरा खिसा नव्हता.

ते पाहून काकूंनी आपली कंबर चाचपली. मग सगळा जिना आपापले खिसे चाचपायला लागला.

कुलूपवाल्याने खिडकीकडे धाव घेतली. खाली जवान नुकतीच शिडी मिटत होते.

"अहो, थांबा जरा," तो ओरडला. "अजून अकरा घरं आहेत."