साफ दिसणारा लॅपटॉप

हिवरखेडच्या फारुखभाईंच्या घरी मुलाचा, इमादचा, कॉलेजातला जुना लॅपटॉप होता. इमाद नोकरीसाठी पुण्याला गेला आणि दर रविवारी त्या लॅपटॉपवर दिसू लागला. दिसू लागला म्हणजे आवाज यायचा आणि चित्र अडकायचं. कधी नुसता एक कान, कधी उघडं तोंड, तेही चौकटी-चौकटींचं. त्याची आई आयशाबी त्या उघड्या तोंडाला दुवा देऊन उठायच्या.

फारुखभाईंची मात्र काही तक्रार नव्हती. ते संत्र्याच्या बागा घेऊन व्यापार करायचे. पावसानं लागोपाठ दगा दिला, बागा वाळल्या, आणि घरातून आधी टेम्पो गेला, मग फ्रिज, मग शोकेस, मग सोफा.

"धंदा कसा हाय, अब्बा?" इमाद विचारायचा.

"एकदम फर्स्ट क्लास!"

अडकलेल्या चित्रासमोर हे सहज बोलता यायचं.

"मले पोराचं तोंड नीट दिसलं पायजे," एक दिवस आयशाबींनी बजावलं. तेव्हा फारुखभाई लॅपटॉप पिशवीत घालून अमरावतीला, राजापेठेत भाच्याच्या दुकानी गेले.

"नवा घ्याची काईच गरज नाही, मामू," वकार म्हणाला. "जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकतो, रॅम वाढवतो, बाहेरून एक कॅमेरा लावतो. माह्याकडं वापरलेलं सामान पडूनच हाय. रोजच्या कामाले घोड्यावाणी पळन."

आणि खरंच, फारुखभाईंची जांभई पुरी व्हायच्या आत लॅपटॉप चालू झाला. पडद्यावर ते स्वतः दिसले. त्यांच्या मागे, रस्त्यापलीकडच्या ट्यूशन क्लासची पाटीही दिसली, फोन नंबरासकट. त्यांचा चेहरा उतरला.

"वकार, हे थोडं कमी साफ नाही का होत?"

वकारनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मामू, असं गिऱ्हाईक मी पयल्यांदा पाहून राहिलो."

घरी येऊन त्यांनी आयशाबींना अडचण सांगितली.

"म्हंजे इतके दिवस त्याले तुमी खोटं सांगून राहिले होते?"

"तू बाजूले बसूनच ऐकत होती ना?"

आयशाबी रिकाम्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "किसनभाऊले सोफा मांगा."

शेजारचे किसनराव भाजीपाला पिकवायचे. रविवारी ते स्वतः हात लावून सोफा घेऊन आले आणि ठेवताच त्यावर बसले. "इमादले पाहून लय दिवस झाले," ते म्हणाले. मागोमाग त्यांच्या पत्नी पार्बताबाईही ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. तिघांच्या सोफ्यावर ते दोघं आणि आयशाबी मावले. फारुखभाई सोफ्याच्या हातावर टेकले.

इमाद दिसला. दाढीचे खुंटसुद्धा दिसले.

"किती वाळला रे!" आयशाबींनी डोळ्याला पदर लावला.

"लॅपटॉप मस्त झाला, अम्मी! सगळं दिसून राहिलं." मग तो थांबला. "अब्बा, हा तं किसनकाकाचा सोफा होय. हा हात मी अन् काकाच्या रोहितनंच फाडला होता."

"घेतला आपण त्यांच्याकडून," फारुखभाई म्हणाले.

"कवा?" किसनरावांनी विचारलं.

पार्बताबाईंनी त्यांना कोपर मारलं. तोवर आयशाबी पडद्याजवळ सरकल्या होत्या. "इमाद, मायी चादर भिंतीवर काहून टांगली?"

"ते... फॅशन हाय, अम्मी."

तेवढ्यात चादरीमागून एक हात आला, "भाई, नांदेडवाला बक्सा किधर रखा?" असं कोणीतरी ओरडलं, आणि चादर खाली पडली. मागे भिंत नव्हतीच. छतापर्यंत पार्सलचे खोके रचलेले होते.

"कंपनी बंद पडली," इमाद म्हणाला. "गोडाऊनमंदी लागलो. रायतो बी इथंच."

फारुखभाईंना वाटलं, चित्र पुन्हा अडकलं. पण इमादच्या पापण्या हलत होत्या.

ते उठले आणि त्यांनी लॅपटॉप उचलला. बॅटरी जुनीच होती, वायर निघाली असती तर सगळंच बंद पडलं असतं. म्हणून किसनराव एक्स्टेंशन बोर्ड धरून मागे निघाले.

"हे पाय, इथं फ्रिज होता."

"हं."

"इथं शोकेस."

"अन् त्यातल्या माह्या ट्रॉफ्या?"

"त्या हाय पेटीत. त्या कोनीच घेतल्या नाही."

इमाद हसला. पुष्कळ दिवसांनी, आवाजासकट हसला. मग तिकडून त्यानं फोन फिरवला. "हे माहं अंथरूण. हे खोके उशाले. खाली औरंगाबाद, वरती सोलापूर."

"नीट झोपत जा," आयशाबी मागून ओरडल्या, "सोलापूर पडन डोक्यावर!"

फारुखभाई अंगणात आले. वायर ताणली गेली. "अन् इथं टेम्पो."

तिथे जमिनीवर तेलाचा डाग होता. इमाद तो पाहत राहिला.

"अब्बा, तुमीच दिसून नाही राहिले. तुमच्याकडं फिरवा ना."

फारुखभाईंनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं, दाढीवरून हात फिरवला आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

सोफा आता परत न्यावा का, असं विचारायचं किसनरावांच्या मनात होतं. पण ते हातात बोर्ड धरून उगाच आभाळाकडे पाहत उभे राहिले.